सांधेदुखीची गोळी आणि साथीचा काळ

कुणी भाकरी थापताना ऐकत असाल, कुणी गटाच्या बैठकीत सगळ्या मिळून ऐकत असाल. आज आम्ही सांधेदुखीवर बोलणार आहोत. गुडघे तर सगळ्यांचेच दुखतात, त्यात काय ऐकायचं, असं म्हणू नका. आजची सांधेदुखी वेगळी आहे. तिच्यावरची औषधं शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दाबून ठेवतात. करोनाच्या काळात तर टीव्हीवर, फोनवर, शेजारीपाजारी एकच घोषणा होती, प्रतिकारशक्ती वाढवा. मग ती दाबणारी गोळी घ्यायची की सोडायची? २०२० साली आमच्या गटांतल्या बायकांना हा प्रश्न पडला. कित्येकींनी त्याचं उत्तर कुणालाही न विचारता स्वतःच ठरवलं आणि ते त्यांना महागात पडलं. अजूनही कुठे तापाची साथ आली की हाच प्रश्न बैठकीत येतो. म्हणून आज सगळं नीट, पहिल्यापासून सांगतो.

आधी दुखणं समजून घेऊ. वय झालं, वजन वाढलं, आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिली की गुडघ्याची झीज होते. ती एक सांधेदुखी. चालल्यावर, जिना चढल्यावर दुखतं, बसलं की बरं वाटतं. दुसरी आहे आमवात. डॉक्टर तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. ही तिशी-चाळिशीतल्या बाईलाही होते. हाताच्या बोटांचे बारके सांधे, मनगटं, पायाची बोटं, दोन्ही बाजूंना सारखीच सुजतात. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला तासभर लागतो. पीठ मळता येत नाही, बादली उचलता येत नाही, ब्लाउजचं हूक लावता येत नाही. अंगात बारीक कसर राहते, भूक जाते, रक्त कमी होतं. अशी सूज दीड महिन्याहून जास्त राहिली, तर ती तेल चोळून जाणारी नाही, हे ओळखायचं.

हे होतं कशामुळे? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक व्यवस्था आहे. तीच प्रतिकारशक्ती. शेतावर राखणीला जागल्या ठेवावा, तशी. चोर आला की जागल्यानं काठी उगारायची. पण एखाद्या जागल्याचं डोकं फिरलं आणि तो घरच्याच माणसांना चोर समजून बडवायला लागला, तर? आमवातात हेच होतं. शरीराची राखण करणारी व्यवस्था आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. ल्युपस नावाचा आजारही याच जातीचा. त्यात सांध्यांबरोबर त्वचा, मूत्रपिंड, रक्त असं काहीही सापडू शकतं. आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी जास्त होतो. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बाया असतात. म्हणून हा विषय बायकांच्या गटात बोलायचाच आहे.

हे काही शहरातल्या श्रीमंतांचं दुखणं नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण आहे. तिथे १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. चार हजारांहून जास्त मोठ्या माणसांना विचारलं, तपासलं. शंभरातल्या सुमारे अठरा जणांना हाडांचं, सांध्यांचं, स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. त्यातला खरा आमवात साधारण दोनशे माणसांत एकाला. दोनशेत एक म्हणजे कमी वाटेल, पण दोन हजार मोठ्या माणसांच्या गावात अशी दहा माणसं निघतील आणि त्यांत बाया जास्त असतील. तुमच्या गावात त्या कोण, हे तुम्हाला माहीत आहे का? बहुतेक नसेल. कारण बाई दुखणं सांगत नाही, आणि सांगितलं तर घरचे म्हणतात, वात आहे, होईल बरं.

आता औषधांकडे येऊ. ही औषधं तीन-चार जातींची आहेत. नावं अवघड आहेत, पण आपण बँकेची, कर्जाची अवघड नावं शिकलोच की. हीही शिकू.

पहिलं मेथोट्रेक्सेट. आमवातातलं हे मुख्य औषध. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. चुकून रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी कमी होतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून वार ठरवून घ्यायचा. समजा सोमवार ठरला, तर दर सोमवारी. तिच्या जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी असते, ती डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या दिवशी. या औषधावर असताना रक्ताची आणि लिव्हरची तपासणी ठरलेल्या मुदतीनं करावी लागते. आणि लग्न झालेल्या पोरींनो, हे नीट ऐका. ही गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. बाळाला इजा होते. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. ते गोळी बदलून देतात.

दुसरं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ही मूळची मलेरियाच्या गोळ्यांच्या घराण्यातली. आमवातात आणि ल्युपसमध्ये ती वर्षानुवर्षं चालते. ती गरोदरपणातही चालते. ल्युपसच्या बाईसाठी तर ती आधाराची काठी आहे. फक्त डोळ्यांचा पडदा डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावा लागतो.

तिसरं स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन हे त्यातलं नेहमीचं नाव. सूज झपाट्यानं उतरते, दोन दिवसांत बाई उठून कामाला लागते. म्हणूनच ते फसवं आहे. जास्त दिवस घेतलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. डॉक्टर ते कमीत कमी आणि थोड्या दिवसांसाठी देतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. बरेच आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं. आपलं शरीर तसलंच एक द्रव्य स्वतः बनवत असतं. बाहेरून गोळी येत राहिली की शरीर ते बनवायचं थांबवतं. गोळी एकाएकी बंद झाली तर दोन्हीकडून पुरवठा तुटतो. चक्कर, उलट्या, अंगातलं त्राण जाणं, रक्तदाब उतरणं असं होतं. ते जिवावर बेतू शकतं.

चौथी महागडी इंजेक्शनं. ती सगळ्यांना लागत नाहीत. त्यांतली काही सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात, कारण अंगात दडलेला टीबी त्यांनी उफाळून येऊ शकतो.

तर मार्च २०२० मध्ये काय झालं ते आता सांगतो. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. एसटी बंद, रेल्वे बंद, नाक्यावर पोलीस. सांध्यांच्या आजाराचे खास डॉक्टर मुळातच थोडे आणि तेही मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावाला जायचं तरी पास लागत होता. त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. करोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालेल, अशी आशा जगभर पसरली होती. आपल्याकडे आयसीएमआरनं करोना रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णाच्या घरच्यांना ती खबरदारी म्हणून घ्यायला सांगितली. बातमी टीव्हीवर आली आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनीही गोळ्यांच्या पट्ट्या घरात भरून ठेवल्या. मार्च संपायच्या आत सरकारनं गोळी परदेशी पाठवण्यावर निर्बंध घातले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देऊ नये असा कडक नियम केला. भारत ही गोळी बनवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक. तरी आपल्याच देशातल्या ल्युपसच्या आणि आमवाताच्या बायकांना ती मिळेना.

आमच्या गटांतली एक ताई, ल्युपस असलेली, दोन लेकरांची आई. औषधाच्या दुकानात तिला सांगितलं, गोळ्या नाहीत, आल्या तरी नवी चिठ्ठी आणा. तिची चिठ्ठी सहा महिने जुनी आणि डॉक्टर दीडशे किलोमीटरवर. तिने आहेत त्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. गटाच्या बैठकाही बंद होत्या, त्यामुळे हे आम्हाला कळलं ते मास्क शिवायच्या कामाचे पैसे वाटताना. तिची बोटं सुजून मशीनच्या चाकावर ठरत नव्हती.

दुसऱ्या एका वहिनींचं वेगळं. त्यांच्या मुलानं फोनवर वाचलं की मेथोट्रेक्सेटनं प्रतिकारशक्ती कमी होते. त्याला आईची काळजी होती, त्याचा काही दोष नाही. तो म्हणाला, आई, ही गोळी आत्ता बंद कर, साथ गेल्यावर बघू. साथ काही पंधरा दिवसांत गेली नाही. दोन-तीन महिन्यांत वहिनींची मनगटं अशी सुजली की हंडा सोडा, तांब्या उचलेना. मग त्या दुखणं मारायच्या गोळ्या आणि कुणीतरी आणून दिलेली पुडी घ्यायला लागल्या.

तिसऱ्या मावशी स्टेरॉइडवर होत्या. गोळ्या संपल्या, आणायला कुणी जाईना, राहू दे म्हणाल्या. पाच-सहा दिवसांत अंथरुणाला खिळल्या. घरच्यांना वाटलं करोनाच झाला. म्हणून जवळ कुणी जाईना. शेवटी आशाताईंनी जुनी चिठ्ठी पाहिली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा कारण कळलं.

तिन्ही बाया आज बऱ्या आहेत. पण तिघींचं जे झालं ते करोनाच्या विषाणूनं झालं नव्हतं. औषध तुटल्यानं झालं होतं.

मग खरं काय होतं? गोळी चालू ठेवलेली बरी की बंद केलेली? याचं उत्तर हळूहळू मिळत गेलं. मार्च २०२० मध्येच जगभरच्या सांधेविकार डॉक्टरांनी एकत्र येऊन एक नोंदवही उघडली. आपापल्या रुग्णाला करोना झाला की त्याला कोणतं औषध चालू होतं, पुढे काय झालं, हे त्यात लिहायचं. आपण गटाची वही लिहितो तसंच, पण साऱ्या जगाची. पहिल्या काही महिन्यांत सहाशे रुग्णांच्या नोंदी तपासल्या, पुढे हजारो जमल्या. त्यातून चार गोष्टी दिसल्या.

एक, वय जास्त असेल, हृदयाचा, फुप्फुसाचा, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर धोका वाढतो. हे इतर माणसांसारखंच.

दोन, रोज दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड घेणाऱ्यांना दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त होतं.

तीन, रिटुक्सिमॅब नावाच्या इंजेक्शनवरच्या रुग्णांना करोना जास्त जड गेला. मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरच्या रुग्णांबद्दल जी भीती होती, तसं काही दिसलं नाही.

चार, आणि ही आपल्यासाठी सगळ्यात मोलाची. ज्यांचा सांध्यांचा आजार आटोक्यात नव्हता, उसळलेला होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे गोळी सोडून आजार उसळू देणं हाच एक धोका होता. शिवाय आजार उसळला की स्टेरॉइड वाढवावं लागतं आणि त्यानं धोका आणखी वाढतो. वहिनींच्या मुलाला आईला वाचवायचं होतं, पण गोळी बंद करून ती सुरक्षित झाली नव्हती.

आणि त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं काय झालं? जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीनं सांगितलं की दवाखान्यात भरती झालेल्या करोना रुग्णांना तिचा काही फायदा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही आपल्या चाचणीतून ती काढली. ज्या गोळीसाठी आपल्या ताईची बोटं सुजली, ती करोनाच्या कामाची निघाली नाही.

पण याच घराण्यातली दुसरी औषधं मात्र कामी आली, हीही गंमत ऐका. करोनाच्या गंभीर रुग्णात दुसऱ्या आठवड्यात पुष्कळदा जागल्याचंच डोकं फिरायचं. विषाणू बाजूलाच राहायचा आणि शरीराची स्वतःची लढाई फुप्फुसं जाळत सुटायची. तेव्हा ती लढाई शांत करणारी औषधं लागली. जून २०२० मध्येच त्याच इंग्लंडच्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशानं कमी करतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र काही फायदा नव्हता. २०२१ च्या सुरुवातीला टोसिलिझुमॅबचाही फायदा दिसला. हे आमवाताचं इंजेक्शन. आमवाताचीच बॅरिसिटिनिब ही गोळीही करोनात वापरली गेली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, टोसिलिझुमॅबसाठी नातेवाईक शहरभर कसे फिरत होते ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल.

यातून शिकायचं काय? तेच औषध योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य प्रमाणात दिलं तर जीव वाचवतं. नाहीतर उलटतं. दुसऱ्या लाटेत साध्या सर्दी-तापाला, ऑक्सिजन चांगला असतानाही, कित्येकांनी पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइड घेतलं. त्यात मधुमेह, त्यात साखर वाढलेली. मग काळी बुरशी आली, म्युकरमायकोसिस. माणसांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. आपल्या महाराष्ट्रानं हे पुष्कळ पाहिलं.

आता काढ्याबद्दल. हा विषय नाजूक आहे, कारण काढा आपण प्रेमानं करतो. आलं, तुळस घातलेला गरम काढा घशाला बरा वाटतो, त्याला आमचं काही म्हणणं नाही. पण करोनात गुळवेल रोज, महिनोन्‌महिने, पेलाभर घेणारी माणसं आम्ही पाहिली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, की गुळवेल सुरक्षित आहे आणि दुसऱ्या वनस्पतीशी गल्लत झालेली असू शकते. तो वाद जाणकार बघतील. पण आपली गोष्ट साधी आहे. ज्या बाईची प्रतिकारशक्ती आधीच चुकीच्या दिशेनं पेटलेली आहे, तिनं ती आणखी चेतवणारं काही स्वतःच्या मनानं का घ्यावं? त्यातून मेथोट्रेक्सेटमुळे लिव्हरवर आधीच लक्ष ठेवावं लागतं. घेताय ते डॉक्टरांना सांगा. लपवू नका.

आणि पुडी. बाजारात, जत्रेत, कुणाच्या ओळखीनं मिळणारी, दोन दिवसांत दुखणं घालवणारी, नाव-गाव नसलेली पुडी. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं वेळोवेळी सापडलेलं आहे. म्हणून तर ती इतक्या झटपट लागू पडते. आणि पुडी संपली की मावशींचं झालं तसंच होतं. जिच्यावर औषधाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, तारीख नाही, ती तोंडात घालायची नाही. शिकलेल्या वैद्यांकडे जाऊन, चिठ्ठी घेऊन औषध घेणं वेगळं आणि ही पुडी वेगळी.

लसीबद्दलही भीती होती. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं. आमच्या आमवाताच्या बायकांना वाटायचं, लसीनं दुखणं उसळेल. कोविशील्ड काय किंवा कोवॅक्सिन काय, दोन्हींत आपल्या अंगात वाढू शकेल असा जिवंत विषाणू नव्हता. डॉक्टरांनी अशा रुग्णांना लस घ्यायलाच सांगितलं, कारण त्यांना तिची गरज जास्त होती. मात्र काही औषधांमुळे लसीचा परिणाम कमी होतो. रिटुक्सिमॅब घेतल्यावर लगेच लस घेतली तर ती पुरेशी लागू पडत नाही, म्हणून तारखांचा मेळ घालावा लागतो. मेथोट्रेक्सेटचा एखाद-दोन आठवड्यांचा डोस लसीनंतर पुढे ढकलायला डॉक्टर काहींना सांगतात. ते त्यांनी सांगायचं, आपण ठरवायचं नाही. आणखी एक, काही लसींमध्ये कमजोर केलेले जिवंत जंतू असतात, जशी गोवर-रुबेलाची. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना अशी लस घेण्याआधी विचारायलाच हवं.

आता मैत्रिणींनो, पुढची साथ कोणती, केव्हा, हे आपल्या हातात नाही. पण तयारी आपल्या हातात आहे. आमच्या गटांनी जे सुरू केलं ते सांगतो. त्याला पैसा लागत नाही.

गटाच्या रजिस्टरमध्ये शेवटचं एक पान औषधाचं केलं. ज्या सभासदाला कायमची गोळी आहे, मग ती सांध्यांची असो, साखरेची असो, रक्तदाबाची, फेफऱ्याची किंवा थायरॉइडची, तिनं राजीखुशीनं नाव लिहायचं. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, गोळ्या कधी संपणार, डॉक्टरांचा नंबर. कुणाला लिहायचं नसेल तर बळजबरी नाही आणि गटाबाहेर चर्चा नाही. महिन्याच्या बैठकीत बचत गोळा करतानाच विचारायचं, ताई, गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? पंधरा दिवसांच्या आत आल्या असतील तर त्याच आठवड्यात आणायच्या. साठा करायचा नाही, पण महिनाभराच्या गोळ्या हाताशी असाव्यात.

चिठ्ठीचा फोटो दोन फोनमध्ये ठेवायचा, एक घरच्या आणि एक गटातल्या मैत्रिणीच्या. मार्च २०२० मध्येच सरकारनं फोनवरून डॉक्टरी सल्ल्याचे नियम काढले आणि एप्रिलमध्ये घरबसल्या सल्ल्यासाठी ई-संजीवनी सुरू झाली. ती सेवा आजही आहे. नोंद कशी करायची ते आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

औषधाच्या दुकानात जेनेरिक मिळतं का विचारा, जनऔषधी केंद्र जवळ असेल तर तिथेही विचारा. खरा खर्च गोळ्यांपेक्षा जाण्यायेण्याचा, तपासण्यांचा आणि बुडालेल्या मजुरीचा होतो. त्यासाठी अंतर्गत कर्ज द्यायला गटानं का-कू करू नये. शेळीसाठी कर्ज देतो, पोरीच्या फीसाठी देतो. बाईच्या हातांसाठीही द्यावं. हात चालले तर बाकीचे हप्ते फिटतात.

अंगात ताप आला, खोकला लागला, दम लागला, तर काय करायचं? हे आरोग्य केंद्रात विचारून आम्ही त्या पानावर लिहून ठेवलंय. पहिलं, स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही. दुसरं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि सांगायचं की मी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर आहे. मोठा जंतुसंसर्ग असेल तर मेथोट्रेक्सेट किंवा इंजेक्शन काही दिवस थांबवायला ते सांगतील, आणि पुन्हा कधी सुरू करायचं तेही सांगतील. तिसरं, दम लागला, ओठ निळे पडले, बोलणं असंबद्ध झालं, तर फोनवर वेळ न घालवता १०८ ला गाडी बोलवायची.

आणि घरच्या पुरुष मंडळींना, सासूबाईंनाही एक विनंती. कुणी गोळ्या बंद कर म्हणालं तर बाई ऐकते, कारण दुखणं सांगताना तिला आधीच संकोच असतो. बंद कर म्हणण्याआधी तिच्याबरोबर एकदा डॉक्टरांकडे जा. गोळी कशासाठी आहे ते तुमच्या कानांनी ऐका.

ज्या ताईंची बोटं सकाळी आखडतात, सूज दीड महिन्यावर गेली आहे आणि अजून कुणालाच सांगितलेलं नाही, त्यांनी या आठवड्यात आरोग्य केंद्रात जावं. एकट्या जाऊ नका, गटातली एक मैत्रीण बरोबर घ्या. लवकर औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. उशीर झाला तर झालेलं वाकडेपण गोळीनं सरळ होत नाही.

येत्या बैठकीत औषधाचं पान उघडा आणि पहिली नोंद करा. तुमच्या गावात कसं जमलं, काय अडलं, ते आपल्या वाहिनीला पत्रानं किंवा फोननं कळवा. तुमच्या अडचणी घेऊन आम्ही पुन्हा याच वेळेला बोलू.